अल्विनाच्या गुडघ्याबद्दल देवाचे आभार

मारियनथाल, मिनेसोटा
२६ फेब्रुवारी १९९६

अल्विना,

तुझं दार माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं, तरी हे पत्र मी तिकीट लावून टपालाने पाठवते आहे. ते आधी सेंट क्लाउडला जाईल, तिथे शिक्के खाईल आणि परवा तुझ्या पेटीत येऊन पडेल. पडू दे. या गावात फोनवर बोललेल्याचं काय होतं ते मला समजलं आहे. आणि रस्ता ओलांडून तुझ्याकडे आले तर तोंडातून काय निघेल याचा मला भरवसा नाही.

आज सकाळी दार उघडलं तर पायरीवर तीन हॉटडिश, ओव्हनमधून काढलेल्या भांड्यांसकट. तिन्ही नूडल्स आणि मशरूम सूपचे, तिन्ही भांड्यांच्या बुडाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी. आपल्या गावात पायरीवर हॉटडिश दोनच वेळा येतात. घरातलं कोणी गेलं तर, नाहीतर कोणी जायच्या वाटेवर असलं तर. तुझा भाऊ गेला आणि मी विधवा झाले त्याला सहा वर्षं झाली. लिओच्या वेळचे हॉटडिश मी कधीच संपवले. म्हणजे आता मीच उरले.

तेवढ्यात फोन. "रोझिना, मी मार्सेला बोलतेय. मार्-से-ला. ओळखलंस का गं?" बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी ओरडून, एकेक अक्षर सुटं करून. तिच्या तिन्ही मुलांना मी टायपिंग शिकवलं आहे. तिघंही अजून दोन बोटांनी टाइप करतात. मी कशी विसरेन?

मग तिच्याकडून सगळं काढून घेतलं. ईस्टरचे उपवास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी तू प्रार्थनेच्या साखळीवर माझं नाव घातलंस. "रोझिना हल्ली थोडी विसरते, तिच्यासाठी प्रार्थना करा." तू मार्सेलाला सांगितलंस, तिने पुढचीला फोन केला, तिने तिच्या पुढचीला. चौथ्या घरी मी चर्चचा रस्ता विसरले होते. दहाव्या घरी नवऱ्याचं नाव. शेवटच्या घरी पोचेपर्यंत मी नाइटगाऊनमध्ये हायवेवर सापडले होते आणि पोलीस म्हणे फार चांगले वागले. मी पायजमा घालते, अल्विना. पण हे साखळीतल्या कोणाकोणाला सांगत बसू?

आणि कशावरून? तर मी तुझ्या वाढदिवसाला आले नाही यावरून. मी विसरले नव्हते. नीट आठवत होतं, म्हणून आले नाही. गेल्या वर्षी केक कापल्यापासून कॉफी संपेपर्यंत तुझा गुडघा ऐकला, मग पित्ताशय, मग झोप न येणं, मग चक्कर, मग सुनेचा स्वभाव. माझ्या ताटलीतलं आइसक्रीम वितळून सूप झालं.

या गावात कोणी 'कशी आहेस' विचारलं आणि आपण 'छान' म्हणालो की समोरचीचा चेहरा पडतो, जणू तिने वाढलेलं ताट आपण परत केलं. कोणाला नागीण झाली, कोणाचा जावई पितो, कोणाच्या तळघरात पाणी शिरलं, यावर इथल्या बायका जगतात. ज्या बाईला काही प्रॉब्लेमच नाही तिच्याशी काय बोलायचं हे त्यांना कळत नाही. इतक्या वर्षांत मी साखळीवर एकदाही काही मागितलं नाही. ते तुम्हा सगळ्यांना सलत होतं. आता तू मला एक प्रॉब्लेम शिवून दिलास, वर माझ्या मापाचा आहे असंही सांगितलंस.

हे सगळं मी थुंकून टाकलं असतं. पण काल कर्टचा फिनिक्सहून फोन आला. "आई, आत्याने मला सगळं सांगितलंय." ईस्टरला येतोय. गाडीच्या किल्ल्या घेणार, घर विकायला काढणार. तिकडे म्हाताऱ्यांसाठी एक जागा पाहून ठेवली आहे म्हणे. खिडकीतून ताडाचं झाड दिसतं आणि रोज दुपारी बिंगो असतो.

तू कर्टला आणि मार्सेलाला फोन कर आणि सांग की तू खोटं बोललीस. रविवारपर्यंत.

रोझिना

---

२९ फेब्रुवारी

माझी लाडकी रोझिना,

तुझं पत्र वाचलं आणि रडूच आलं. किती गं चिडलीस! दवाखान्यात एक मासिक असतं, त्यात लिहिलंय की पहिलं लक्षण विसरणं नसतंच, चिडणं असतं. तरी मी साखळीवर तुझ्या चिडण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. अजून तरी.

मी प्रेमाने प्रार्थना मागितली. लिओने जाताना मला सांगितलं होतं, रोझिनाकडे लक्ष ठेव. आता या गुडघ्यावर मी काय लक्ष ठेवणार? खिडकीपर्यंत जाते आणि बसते. काल तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर असा काही कळवळला की शाळेतल्या सिस्टर एर्मेलिंडांची आठवण झाली. आपल्याला गुडघ्यावर उभं करायच्या ना त्या? तुलाच जास्त. पण तुझे गुडघे ठणठणीत राहिले. देवाचंही मला कधीकधी कळत नाही.

कर्टला मी फोन केला कारण तो माझा धर्मपुत्र आहे, बाप्तिस्म्याला मीच त्याला धरलं होतं. आणि तुला खरं सांगू? ताडाचं झाड वाईट नसतं गं. इथे एप्रिलपर्यंत बर्फ.

तू म्हणतेस खोटं बोलले असं सांग. अगं, प्रार्थना परत घेता येत नाही. इतक्या बायकांनी गुडघे टेकले, ते काय उगाच? साखळीचा नियम तुला माहीत नसेल, तू कधी काही मागितलंच नाहीस. नाव एकाच रीतीने उतरतं. मार्सेलाला फोन करून म्हणायचं, 'देवाच्या कृपेने आता बरं आहे, सगळ्यांचे आभार.' मग ती आभार पुढे कळवते, फादर लायनस रविवारी वेदीवरून सांगतात, सगळे टाळ्या वाजवतात, आणि झालं. त्या दुखण्यासाठी मग पुन्हा कोणी मागत नाही. देवाने दिलेलं देवाने काढून घेतलं असं कसं म्हणायचं? तेव्हा तूच फोन कर, म्हण की आता आठवायला लागलंय. एक मिनिटाचं काम.

तुझी,
अल्विना

ता. क. तिन्ही भांडी धुऊन परत कर. बुडाला नावं आहेत, म्हणजे तुला कठीण जायचं नाही.

---

४ मार्च

अल्विना,

माहितीबद्दल आभारी आहे. साखळीचा हा नियम मला खरंच ठाऊक नव्हता.

बरी झाले म्हणून आभार मानायचे तर आधी आजारी होते हे कबूल करावं लागेल. ते मी करणार नाही. माझ्या डोक्यात काही बिघाड नव्हता, म्हणून दुरुस्तीबद्दल देवाला पावती देण्याचा प्रश्न येत नाही.

पण तुझं पत्र वाचून मला लाज वाटली. तू माझ्यासाठी एवढं केलंस आणि मी तुझ्यासाठी आजवर काहीच नाही. काल चर्चमध्ये मासची प्रार्थना झाल्यावर मी मार्सेलाला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा. ती आधी घाबरली, मग तिला फार आनंद झाला. साखळीवरून माझं नाव मी उतरवलं नाही, फक्त तुझं.

तिन्ही भांडी धुऊन ज्यांची त्यांना पोचवली. गाडीने, स्वतः, एकही घर न चुकता.

रोझिना

---

१२ मार्च

रोझिना थेलेन,

तू सैतान आहेस. हे मी जबाबदारीने लिहिते आहे.

रविवारी मी नेहमीसारखी बाजूच्या दाराजवळच्या उशीवाल्या खुर्चीवर बसले होते. पाय स्टुलावर. फादर लायनस आले, सूचना वाचल्या, आणि म्हणाले, "आज एक आनंदाची बातमी आहे. आपली अल्विना बोट्झ. तिचा गुडघा. तिचं पित्ताशय. तिची झोप. तिची चक्कर. सगळं बरं झालंय!" मी मागे वळून पाहिलं, म्हटलं दुसरी कोणी अल्विना आहे का. सगळं चर्च उभं राहून टाळ्या वाजवत होतं. तू पहिल्या रांगेत, सगळ्यात जोरात. फादर म्हणाले, "अल्विना, उभी राहा, लोकांना पाहू दे." काय करणार होते मी? देवासमोर भांडणार होते? उभी राहिले. मग कोणीतरी म्हणालं, चालून दाखव. चालले.

बाहेर आले तोवर ती खुर्ची कोणी तरी दुसऱ्या बाईला दिली होती, तिला परवाच सायटिका सुरू झालाय. मार्सेलाचा नवरा मला दर रविवारी गाडीतून आणायचा, तो म्हणाला, "आता चालायला मजा येत असेल नाही?" आणि निघून गेला. माझ्या दारातला बर्फ तीन वर्षं शेजारचा काढायचा, काल तो हात हलवून पुढे गेला. चर्चच्या तळघरात उपवासाच्या शुक्रवारी गावाला मासे जेवायला घालतात ना, मार्सेलाने मला त्या तळण्यावर लावलंय. तळण्यावर पण नाही, ट्रे उचलण्यावर! म्हणाली, "तुझ्यासारखे गुडघे आमच्यात कोणाचे आहेत गं?"

आणि सुनेचं काय सांगितलंस तू? 'सुनेशी पूर्ण समेट झाला, देवाचे आभार'? तिने रविवारी दुपारी फोन केला. 'आई, मला खूप रडू आलं, मी मुलांना घेऊन शनिवार-रविवार येते.' आता ती येणार आहे, रोझिना. सगळ्यांना घेऊन.

मी गप्प बसणार नाही. मी फादरकडे गेले होते. सांगितलं की रोझिनाने चुकीचं कळवलं, तिला हल्ली काही आठवत नाही, माझं बरं झालंय असं तिला वाटलं असेल. फादर विचारात पडले. म्हणाले, "अल्विना, हे मी नीट समजून घेतो. रोझिनाचं डोकं ठिकाणावर असेल तर तुझा गुडघा बरा आहे. तुझा गुडघा बरा नसेल तर रोझिनाचं डोकं ठिकाणावर नाही. दोन्ही गोष्टी मला एकदम मिळणार नाहीत." मी म्हटलं, अगदी तसंच, फादर.

म्हणून मी कर्टला लवकर बोलावलं आहे. तो बावीस तारखेला येतोय. शनिवारी माझ्या स्वयंपाकघरात तो, फादर आणि मी बसून बोलणार. तू गेलीस फिनिक्सला की माझा गुडघा मला परत मिळेल.

अल्विना बोट्झ

---

१६ मार्च

अल्विना,

काल संध्याकाळी मी मासे खायला आले होते, मुद्दाम. तुझ्या टेबलाजवळची जागा धरली. तू ट्रे घेऊन चार वेळा माझ्या शेजारून गेलीस आणि एकदाही लंगडली नाहीस, हे मी कौतुकाने लिहिते. ऑक्टोबरात बेकरीवाल्यांच्या लग्नात तू तीन पोल्का नाचलीस तेव्हाही लंगडली नव्हतीस. तेव्हा गुडघा बहुतेक घरी ठेवून आली होतीस.

आणि तुझ्या लक्षात आलं का? कोणी तुझ्याशी बोललं नाही. बायका उजव्या-डाव्या बाजूला सायटिका आणि मोतीबिंदू वाटत होत्या आणि तुझी पाळी आली की बशी पुढे करायच्या. 'अजून कोबी आहे का?' एवढंच. बरं असणं असं असतं, अल्विना. मी या बाकावर वर्षानुवर्षं बसले आहे. ये, सरकून बस, जागा पुष्कळ आहे.

पण तुझी चाल हुशारीची आहे, हे मान्य करते. फादरनी आपल्या दोघींना एका दोरीला बांधलंय आणि तू ती ओढायला निघालीस.

तेव्हा सरळ सांगते, फिरवाफिरवी न करता. मला फिनिक्सला जायचं नाही. माझी टेकडीवरची दफनभूमी इथे आहे, लिओशेजारी माझी जागा आहे. माझी गाडी आहे, ती मी शिस्तीत चालवते. माझं घर आहे, त्यात मी कोणाला न विचारता अंडं उकडते. अनोळखी माणसांत बसून बिंगोचे आकडे ओरडायचे आणि कोणीतरी 'शाब्बास रोझिना' म्हणायचं, हे मला जमणार नाही. मी मरेन, आणि तेही चिडून.

तुझ्याकडून दया मागत नाही. मागितली तर साखळीवर जाईल. पण एवढं लक्षात ठेव, शनिवारी तू माझं डोकं फिरलंय असं म्हणालीस आणि कर्टने ते ऐकलं, तर मी फिनिक्सहून दर महिन्याला तुझ्या नवीन दुखण्यांबद्दल आभाराचा फोन करीन. तुला सर्दीसुद्धा टिकू देणार नाही.

रोझिना

---

२३ मार्च, शनिवार

अल्विना,

कर्ट मला म्हणाला, "आई, तू घरीच थांब, आम्ही आधी बोलतो." तर मी घरी थांबले. खिडकीजवळ.

मी सगळं पाहिलं. तू टेबलाशी बसून रडलीस. कर्टने तुझा हात धरला. फादरनी मान हलवली आणि खिशातून रुमाल काढून तुला दिला. मग तुम्ही तिघं माझ्या घराकडे बघत राहिलात, घर विकत घ्यायला आलेले लोक बघतात तसे.

अभिनंदन. उद्यापासून तुझा गुडघा दुखू दे. मी सामान बांधायला घेते आहे. आरसा आणि टाइपरायटर कोणालाही दे, पण लिओचा फोटो तुला मिळणार नाही.

रोझिना

---

२६ मार्च

रोझिना,

सामान सोड. वेडे, कर्टने काल विमान पकडण्यापूर्वी तुला काही सांगितलं नाही ना? त्याला मीच म्हटलं होतं, काही बोलू नकोस, मला तिला लिहायचंय. चार दिवस तू खोकी भरत होतीस हे मीही खिडकीतून पाहिलं. मला फार बरं वाटलं.

आता ऐक काय झालं ते. फादर म्हणाले, "बोला अल्विना, रोझिनाचं कसं आहे?" मी तोंड उघडलं. सगळं तयार होतं, कुठल्या शब्दानंतर रडायचं तेही. आणि रडू आधीच आलं, खरं. त्या टेबलावर फोन आहे. तू आभार मानल्यापासून तो वाजला नव्हता. मार्सेला नाही, कोणी नाही. फक्त सून. पेटीत काय येतं तर बियाण्यांचे कॅटलॉग आणि तुझी पत्रं. मला वाटलं, ही फिनिक्सला गेली तर फक्त कॅटलॉग राहतील.

आणि मग मला तुझा राग आला, इतका राग आला! तू मला बरी केलीस, सगळ्या गावासमोर चालायला लावलंस, ट्रे उचलायला लावलेस (आता खरंच दुखतो गं, पण सांगणार कोणाला?), आणि स्वतः जाऊन उन्हात ताडाखाली बसणार? तिथे तुला रोज कोणी 'शाब्बास' म्हणणार? तुला मी एवढ्या सहज सुटू देईन?

म्हणून मी उठले. टेबलाला हात न लावता उठले, फादर बघत होते. मी म्हणाले, "फादर, माझा गुडघा बरा आहे. आणि कर्ट, तुझ्या आईचं डोकं ठणठणीत आहे. माझ्या वाढदिवसाला ती मुद्दाम आली नाही. विसराळू बाई इतकी दुष्ट असू शकत नाही." फादरनी रुमाल दिला. त्यांना वाटलं आनंदाश्रू.

कर्ट म्हणाला, "आत्या, पण गाडीचं काय?" मी म्हटलं, त्याची तू काळजीच करू नकोस. आम्ही घराकडे बघत होतो ना, ते हेच ठरवत होतो. किल्ल्या तुझ्याकडे राहतील. रविवारी मास, मंगळवारी गोधड्या शिवायचा वर्ग, गुरुवारी माझे केस, आणि शुक्रवारी तळघरातली ट्रेची पाळी. या सगळीकडे तू मला ने-आण करायचीस. मार्सेलाचा नवरा आता नेत नाही, कोणामुळे ते तुला ठाऊक आहे. आणि दर रविवारी रात्री मी कर्टला फोन करून सांगायचं, आईने गाडी कशी चालवली. सिग्नलला थांबली का, वळणावर बावचळली का, गप्पा कशा मारते. तो फार खूश झाला. म्हणाला, "आत्या, तू आहेस म्हणून मला झोप लागेल."

एका वाईट शब्दावर तुझी किल्ली जाईल, रोझिना. तेव्हा गाडीत मी काय सांगते ते नीट ऐकत जा. आणि मधून मधून 'हो का गं?' म्हणत जा.

रविवारी साडेआठ. मी पायरीवर उभी असेन, धडधाकट.

अल्विना

---

२८ मार्च

अल्विना,

कर्टचा फोन आला, तुझे शब्द मला वाचून दाखवावेत तसा तो बोलत होता. तेव्हा ही शिक्षा मी भोगणार, तुरुंगातली माणसं भोगतात तशी, दिवस मोजत. तू माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहेस, त्यामुळे सुटका लवकर दिसत नाही.

माझ्या अटी. हॉर्न एकदाच वाजेल. पुढे बसायचं, पट्टा लावायचा. 'हो का गं' मी म्हणेन, कारण म्हणावंच लागेल. सून, झोप, पित्ताशय, हवा, काय वाट्टेल ते बोल. मी सिग्नलला थांबेन, वळणावर बावचळणार नाही, आणि तू कर्टला खरं तेच सांगशील.

पण गुडघ्याचं नाव काढलंस, एक शब्द, एक हुंकार, तर मी मार्सेलाच्या घरासमोर, तिच्या पडद्यांच्या अगदी समोर, शिस्तीत इंडिकेटर देऊन गाडी कडेला घेईन आणि तुझ्या बाजूचं दार उघडीन. तिथून चर्च मैलभर आहे, अर्धा रस्ता चढाचा. तू चालत जाशील, ताठ, हसत हसत. मी मागून गाडी हळू चालवीन, आणि खिडकीची काच खाली करून प्रत्येक घराला ओरडून सांगेन, बघा गं बायांनो, देवाची काय करणी!

रोझिना